परत आलेला थर्मास

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर माझ्या शेजारी बेलारूसच्या गलीनामावशी राहायच्या. उसनं भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना मीच शिकवलेलं. माझा डबा त्या आठवणीनं साखरेचे क्यूब घालून द्यायच्या. २००६च्या मार्चमध्ये तिकडे निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून पोरं बर्फात, चौकात तंबू ठोकून बसली. त्यांत मावशींचा मुलगाही होता. मावशी लगेच निघाल्या; त्याला चहा न्यायला माझा थर्मास उसना नेला. महिन्यानं त्या थर्मास परत करायला आल्या. चौकाच्या अलीकडेच पोलिसांनी त्यांना धरलं होतं. चहा नेला म्हणून पंधरा दिवस कोठडी. "आणि मुलगा?" मी विचारलं. "अजून आत आहे. भेटू दिलं नाही." थर्मास जड लागला. "सुटताना सामान परत मिळालं," त्या म्हणाल्या, "तसाच आणलाय. रिकामा देऊ नये ना?" तो चहा बेसिनमध्ये ओतवेना.