वास गेला

तापातून उठल्यापासून साबियाला कसलाच वास येत नव्हता. रहाटणीतल्या त्या घरात दूध करपलं तरी ते सांगायचा तिचा नवरा अय्याज. रविवारी कपडे काढायला तिने वॉशिंग मशीनचं दार उघडलं आणि ओरडली, "शी! अहो, किती कुबट वास येतोय!"

"रबरात पाणी साचलं असेल," म्हणता म्हणता अय्याज थबकला. "तुला आला वास?"

तिचे डोळे भरून आले. मग दोघांनी मिळून रबर घासलं, व्हिनेगर ओतून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं. साबियाने पुन्हा आत डोकं घातलं.

"गेला वास!"

अय्याजचा चेहरा उतरला. "परत?"

"मशीनचा हो!" साबिया खळखळून हसली. "व्हिनेगरचा तर नाकाला झोंबतोय!"