ओव्हर कोण म्हणणार?

रविवारी सकाळी निवृत्त बसड्रायव्हरने मेहुण्याला आणि दोन जुन्या दोस्तांना व्हिडिओ कॉलवर लहानपणीचा स्टॅच्यू-ओव्हर खेळायला जमवलं. "स्टॅच्यू!" कुणीतरी ओरडलं, तसे पडद्यावरचे तिघेही थिजले.

बराच वेळ कुणी "ओव्हर" म्हणेना. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला. तरी कुणी हललं नाही.

"माझीच टिंगल करायला जमलात होय रे?" तो भडकला. नेट अडकलं म्हणावं, तर मेहुण्यामागचा पंखा गरगर फिरत होता. "दाजी म्हणतोस ना मला? मग हल, गधड्या!"

मेहुण्याच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली. पापणी लवली नाही.

ज्याने स्टॅच्यू म्हटलं, त्यानेच ओव्हर म्हणून सोडवायचं असतं. पण तो आवाज तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

"कोण आहेस रे तू? सोड त्यांना!" गरजत त्याने टेबलावर आपटायला मूठ उगारली.

मूठ तशीच वर राहिली.