घरपोच

गजेंद्रने गाडी दारासमोर थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. ओट्यावर उभ्या सरफराजने वाकून गाडीत पाहिलं. गाडीत पुढच्या सीटवर गजेंद्रची बायको अपेक्षा जरीची साडी नेसून बसली होती. मागची सीट रिकामी होती.

"पौर्णिमा आन् गोपाल मागून येऊन राहिले का?" सरफराजने विचारलं.

"नाही ना बे. त्यायले जमून नाही राहिलं. त्यायचे डबे मीच घेऊन जातो. आमी हिच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याले आलो होतो अकोल्यात. म्हटलं, जाता जाता उचलून घ्याव."

त्या डब्यांत पटावर खेळायचे मोठे खेळ असायचे. असे खेळ दुकानात मिळत नाहीत. परदेशात कुणीतरी नेटवर जाहीर करतं, की पुरेशा लोकांनी आधी पैसे भरले तर आम्ही अमुक खेळ बनवू. हौशी लोक भरतात आणि वाट बघत बसतात. दिवाळीत यायचा खेळ उन्हाळ्यात आला तरी लवकर आला म्हणायचं. अमरावतीचे गजेंद्र आणि पौर्णिमा, मोर्शीचा गोपाल आणि अकोल्याचा सरफराज, हे चौघं मिळून मागवायचे. चौघांचे डबे एकाच खोक्यात, एकाच पत्त्यावर आले की वाहतूक परवडायची. पत्ता सरफराजचा, कारण त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान घराला लागूनच. कुरिअरवाला केव्हाही आला तरी घ्यायला माणूस हजर. मग सगळे अकोल्याला यायचे. चौघं जमल्याशिवाय खोकं फोडायचं नाही आणि वाटणीच्या आधी एक डाव खेळायचाच, असा रिवाज पडून गेला होता. एक डाव म्हणजे अख्खा रविवार. सरफराजला वर्षातून तेवढेच रविवार खरे वाटायचे.

"त्यायनं मले काही कळवलं नाही," तो म्हणाला.

"तुले वाईट वाटन म्हून मलेच सांग म्हने."

गजेंद्र मोकळ्या मनाचा माणूस. पोटात काही ठेवत नाही.

आतल्या खोलीत टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं होतं. त्यावर हिरवं जाड कापड घट्ट ताणून बसवलं होतं, फासे पडले तरी आवाज होऊ नये म्हणून. ते सरफराजने आठवडाभर दुकान सांभाळत शिवलं होतं. खोकं टेबलावर होतं. गजेंद्रने उभ्या उभ्याच गाडीच्या किल्लीने त्याची चिकटपट्टी टराटरा फाडली आणि तीन डबे काढून बगलेत मारले.

"एक डाव तं खेळू," सरफराज म्हणाला. "दोघायतही होते हा."

"अपेक्षा गाडीत हाय ना बे. ऊन पाह्य कसं हाय."

"तिलेही बोलाव. तिघं होतो."

"तिले कायचं समजते हे? पुढच्या वेळी खेळू."

सरफराजची आई, रहिमाबी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सकाळपासून चौघांच्या अंदाजाने बिर्याणी लावली होती. पाहुणा दाराकडे निघालेला बघून त्यांनी हात पदराला पुसले. परत आत गेल्या आणि मोठा डबा भरून घेऊन आल्या.

"खाके जाते तो अच्छा लगता, बेटा."

"पुढच्या वेळी नक्की, चाची," गजेंद्रने डबा घेतला. मग उंबऱ्यावर थांबून, आनंदाची बातमी सांगावी तसा म्हणाला, "आन् आयक, तो जहाजांचा खेळ येऊन राहिला ना, सारे ज्याच्यासाठी येडे झाले, तो आता घरपोच हाय. बनवनाऱ्यायनं इकडंच गोडाऊन घेतलं. ज्याचा डबा त्याच्या घरी. तुले आता ताप नाही."

"मले कुठं ताप होता?"

"तसं नाही बे. कुरिअरवाल्याची वाट पाहा, खोकं सांभाळा, आमचे फोन घ्या. सुटला तू."

गाडी कोपऱ्यावरून वळली. सरफराज आत येऊन टेबलाशी बसला. समोर त्याच्या वाट्याचा डबा होता. वर्षभर ज्याची चित्रं तो मोबाइलवर मोठी करकरून बघत होता, तोच हा खेळ, पण त्याला हात लावावासा वाटेना. एकटं वाटणं त्याला नवीन नव्हतं. आज मात्र ते खोलीत येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

त्याने मोबाइल काढला आणि येऊ घातलेल्या खेळांची पानं एकामागून एक उघडायला लागला. एरवी तो चित्रं बघायचा, नियम वाचायचा, बनवणाऱ्याचे जुने खेळ आठवायचा. आज प्रत्येक पानाच्या तळाशी जाऊन, माल कसा पाठवणार, एवढंच वाचत होता. घरपोच. घरपोच. हाही घरपोच. बऱ्याच वेळाने एक सापडला. बर्फातल्या खाणीतून कोळसा काढायचा खेळ, चित्रं मळकी, नियम किचकट. पण इकडे गोडाऊन नव्हतं. परदेशातून थेट यायचा आणि जास्त डबे एका पत्त्यावर घेतले तरच परवडायचा.

त्याने चौघांच्या ग्रुपवर तो टाकला. खाली लिहिलं, "हा तं घ्याच लागते. असा खेळ दुसरा होनं नाही."

रहिमाबींनी ताट आणून ठेवलं. ते निवून गेलं तेव्हा पौर्णिमाचा मेसेज आला.

"काय खास हाय रे त्याच्यात?"

सरफराजने लिहिलं, "सोंगट्या लई भारी हायेत." खोडलं. "कोळशाचा हिशोब डोकं खाते," असं लिहिलं, तेही खोडलं. मग शेवटी जे होतं तेच लिहून पाठवून दिलं.

"दोन खेपात येते. दोनदा घ्याले या लागन."