चुकलेला ठोका

“दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दिगंबररावांच्या हृदयाचा एक ठोका चुकला,” स्वयंपाकघराची भिंत नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली.

नलिनीच्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं. नवऱ्याच्या छातीत ठोके मोजून भिंतीला कळवणारी चकती बसली आणि डॉक्टरांनी त्याचं दुपारचं जेवण हेमांगीच्या सोयाबीनच्या खानावळीत लावून दिलं, त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते हृदय घड्याळासारखं चालायचं. हिच्या हातचं मटण बंद, आणि त्या बाईच्या सोयाखिम्याचं कौतुक मात्र रोज ऐकायचं!

दिगंबरराव दारात येताच ती कडाडली, “तिला बघून काळजाचा ठोका चुकला ना तुमच्या?”

“अगं, आज तिच्या रश्श्याला तुझ्या काळ्या मसाल्याचा वास होता. क्षणभर वाटलं, तूच वाढते आहेस.”

परवाच हेमांगी वाटीभर मसाला मागून घेऊन गेली होती. म्हणजे मसाला हिचा आणि नाव तिचं! नलिनीने त्याच पावली मसाल्याचा डबा कुलपात टाकला.

आता भिंत रोज आनंदाने सांगते, “आज एकही ठोका चुकला नाही.”

आणि नलिनीला नेमकं तेच सोसवत नाही.