राहिलेला विभाग

मी विद्यापीठाची गाडी चालवतो. रोडोपीच्या डोंगरातल्या एका गावात आता राद्का आजी एकटीच उरलीय, त्यामुळे सगळ्या विभागांना तीच लागते. भाषावाल्यांनी तिचे शब्द नेले, संगीतवाल्यांनी गाणी, वनस्पतीवाल्यांनी परसातला पुदिना आणि वैद्यकवाल्यांनी रक्त. प्रत्येकाला ती चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घालायची आणि म्हणायची, "पुन्हा या हं." पुन्हा कोण येतंय? काम झालेलं असायचं.

परवा मी एकटेपणावर संशोधन करणाऱ्या मुलीला घेऊन गेलो. आजीने डोक्याला नवा रुमाल बांधला होता.

"छे गं, मला कसलं एकटं वाटतंय? माणसांची नुसती रीघ असते इथे."

"मग आजी, तुम्ही आमच्या संशोधनात बसत नाही," म्हणत मुलगी उठलीच.

गाडीपाशी आजीने माझी बाही धरली. "आता कुठला विभाग राहिला रे पोरा?"

मी नेहमीसारखी थट्टा केली. "फक्त मुडदे चिरणारे राहिलेत, आजी. पण ते माणूस मेल्यावरच येतात."



"पण नक्की येतात ना?"