वाचायचं एकाने, दाबायचं दुसऱ्याने

“एक. मुख्य अपडेट,” मागून काकांचा आवाज आला.

तिने बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकू लागली.

हॉस्पिटलच्या संगणक विभागाचा नियमच तो. क्रमाचा कागद एकाने वाचायचा. दुसऱ्याने कागदाकडे न बघता, ऐकून दाबायचं. गेल्या महिन्यात, तेवढ्यापुरता, क्रम उलटा आला होता: आधी सुरक्षा पॅच, मग मुख्य अपडेट. दाबलं गेलं नेहमीसारखंच. लॅबची सगळी मशिनं दिवसभर बंद. आता दोघांपैकी एकाची नोकरी जाणार होती.

“काकांनी सांगितलं तेच मी दाबलं, साहेब.”

“कागदावर होतं तेच मी वाचलं.”

म्हणून आज साहेबांसमोर परीक्षा. सुटं मशीन, नेहमीचा क्रम. प्रिंटरने कुरकुरत कागद बाहेर टाकला तसा तिने तो न बघताच काकांच्या हातात दिला होता.

“दोन. रीस्टार्ट.”

पडदा काळा झाला. त्यात तिला मागे बसलेले काका दिसले. मान खाली, बोट कागदावर. कसे साळसूद बसलेत!

महिनाभर हा माणूस नजरेला नजर देत नाही. पॅसेजमध्ये समोरून येतो आणि आपण हाक मारेपर्यंत ओळखही दाखवत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन बसतो. एकटा काय करतो? मनात काळंबेरं नसेल तर असं कोण वागतं?

“काका, पुतण्याला लागली का हो नोकरी कुठे?”

“नाही गं. का?”

“सहज. इथे एक जागा होतेय म्हणतात.”

साहेब खाकरले. “बाई, समोर बघा.”

पडदा उजळला.

“तीन. सुरक्षा पॅच.”

दाबलं.

“चार. पुन्हा रीस्टार्ट.”

दाबलं. पडदा पुन्हा काळा होऊन उजळला.

“पाच. आवृत्ती तपासून वहीत नोंद.”

मशीन सुरळीत चालू झालं.

“कुठे अडखळले नाहीत की चुकले नाहीत,” साहेब म्हणाले. “गेल्या वेळीही असंच वाचलं असणार. बोट तुमचं चुकलं, बाई. उद्यापासून येऊ नका.”

ती खुर्चीवरून उठली. “यांनी मुद्दाम केलंय, साहेब! पुतण्याला चिकटवायचंय इथे! विचारा ना, विचारा त्यांना!”

काकांचं बोट अजून कागदावरच.

“पुरे. तो कागद द्या इकडे, अहवालाला जोडायचाय.”

तिने तो काकांच्या हातातून ओढलाच.

पुढून कोरा. मागूनही कोरा.