नमुन्यातलं नाव

इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमधलं कोणतं टूल केव्हा वापरायचं, हे एआय एजंटला लिहून समजावणं, हे माझं हिंजवडीतलं काम. प्रत्येक टूलखाली एक नमुना द्यावा लागतो. ‘मृत्यूची नोंद’ या टूलच्या नमुन्यात मी आमच्या घरमालकांचं नाव टाकलं, सुखदेव कुदळे. सकाळी आठलाच पाणी बंद करायचे.

सोमवारी ते जिन्यात बसल्या बसल्या गेले.

योगायोग असेल. खात्री करावी म्हणून मी आधीच्या मॅनेजरचं नाव टाकलं. गुरुवारी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला.

मग मात्र मी मनानेच रचलेलं नाव लिहिलं. एजंटने ते परत पाठवलं: ‘अशी व्यक्ती अस्तित्वात नाही.’ रकाना रिकामा ठेवला, तर त्यात माझंच नाव उमटू लागलं. आधी माझं, मग वडिलांचं. आडनाव तेवढं बाकी होतं.

शेजारच्या टेबलावर अमरावतीहून नवीन आलेली अपेक्षा डबा उघडत होती.

“ताई, घ्या ना. आईने लाडू पाठवलेत.”

मी एक उचलला.

“छान झालाय,” मी म्हणाले. “तुझं पूर्ण नाव काय गं?”